खडा राशीचा, की आवडीचा?

या शनिवारी कोड, ट्रॅफिक आणि हिंजवडी हे तिन्ही विषय सुट्टीवर आहेत. विषय आहे साखरपुड्याची अंगठी. गेले दोन महिने डोक्यात तेवढंच चालू असल्यामुळे दुसरं काही सुचणंही शक्य नव्हतं.

सुरुवातीलाच माझं मत सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. बजेट कमी असेल तर हिऱ्याच्या मागे लागू नका, रंगीत खडा घ्या. तो राशीवरून ठरवू नका, जिच्या बोटात जाणार आहे तिला विचारून ठरवा. आणि तो खडा घरच्यांना खटकणारा असेल तर घरच्यांशी आपण बोला, तिला बोलायला लावू नका. यातला तिसरा मुद्दा सगळ्यात अवघड आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी हिऱ्याचं. साखरपुड्याला हिऱ्याचीच अंगठी हवी हे कुठून आलं? आपल्याकडे साखरपुडा म्हणजे नावाप्रमाणे साखरेचा पुडा. मुलीला साडी, ओटी, साखर, नारळ, पेढे. बोटात अंगठी घालायची पद्धत त्यात नंतर शिरली आणि हिरा तर फारच अलीकडे. 'हिरा म्हणजे कायमचं' हे जे आपल्या डोक्यात बसलंय, ते १९४७ साली अमेरिकेत फ्रान्सिस गेरेटी नावाच्या बाईंनी डी बीअर्स कंपनीच्या जाहिरातीसाठी लिहिलेलं वाक्य आहे. जाहिरात म्हणून अप्रतिम. पण जाहिरातीला परंपरा समजून तिच्यासाठी पर्सनल लोन काढायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

उलट रंगीत खडा आपल्याला नवीन नाही. नथीकडे बघा. मोती तर आहेतच, पण मध्ये लाल-गुलाबी खडा आणि कुठेतरी हिरवा ठिपका नसेल तर नथीला नथपण येत नाही. तन्मणीचं खोड बघा, तिथेही माणिक-पाचूच. आपल्या आज्या-पणज्या रंगात वावरल्या, आणि आपण मात्र "रंगीत खडा? ज्योतिषाने सांगितला का?" असं विचारतो.

हा प्रश्न मला गेल्या दोन महिन्यांत इतक्या वेळा ऐकायला मिळाला की शेवटी मोजणं सोडून दिलं.

आमची केस सांगतो. मी राहतो मुळशीतल्या भरे गावात, वडिलांच्या घरात. सकाळी घोटावड्यावरून माणमार्गे हिंजवडी, संध्याकाळी तेच उलटं. तीही आयटीतच. दोघांचे पगार बरे आहेत, पण तिच्या वडिलांच्या आजारपणात काढलेलं कर्ज ती अजून फेडतेय आणि माझ्यामागे घराच्या वरच्या मजल्याचा हप्ता आहे. म्हणून पहिल्याच दिवशी ठरलं, अंगठी सगळं धरून साठ हजारांत आणि क्रेडिट कार्डाला हात लावायचा नाही. तिला निळा रंग आवडतो. लहानपणापासून आवडतो, कारण विचारू नका.

निळा म्हणजे नीलम. आणि नीलम म्हणजे शनी.

त्या भानगडीआधी जरा तांत्रिक बोलू. इंजिनिअर असल्यामुळे खरेदीआधी स्पेसिफिकेशन वाचायची सवय जात नाही.

पहिली गोष्ट कठीणता. १८१२ साली फ्रीडरिश मोस या खनिजतज्ज्ञाने खनिजांच्या कठीणतेची १ ते १० अशी पट्टी केली. हिरा १०. माणिक, नीलम, पुष्कराज ९. स्पिनेल ८. पाचू साडेसात ते आठ, पण त्याच्या पोटात बहुतेक वेळा भेगा असतात, म्हणून तो धक्क्याला नाजूक. गोमेद वगैरे गार्नेटची मंडळी साडेसहा ते साडेसात, जांभळा अ‍ॅमेथिस्ट आणि पिवळा सुनेला ७, ओपल साधारण सहा. पोवळं तीन-साडेतीन आणि मोती त्याहून कमी. यात ७ हा आकडा लक्षात ठेवा. आपल्या रोजच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांची कठीणता ७ असते. म्हणजे जो खडा ७ च्या खाली आहे, तो नुसता रुमालाने पुसतानाही हळूहळू घासला जातो. बाईकवर घोटावडे-माण रस्ता रोज करणाऱ्याला धूळ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. रोज घालायची अंगठी असेल तर मोती, पोवळं, ओपल विसरा. ते गळ्यात, कानात शोभतात.

एका मित्राने सुचवलं, "आपल्या मातीतलंच काहीतरी घे की!" कल्पना मस्त. पुण्याच्या आसपासच्या काळ्या दगडाच्या खाणींत खरंच सुंदर स्फटिक सापडतात. वाघोलीचं निळंशार कॅव्हनसाइट आणि पाषाणचं हिरवं अपोफिलाइट जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेलं असतं. पण दोन्ही कठीणतेत पाचाच्या आतले. कपाटात ठेवायला उत्तम, बोटात नाही.

दुसरी गोष्ट वजन. इथे भाषाच गोंधळ घालते. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता आणि खड्याचा कॅरेट म्हणजे वजन, एक कॅरेट बरोबर ०.२ ग्रॅम. त्यात राशीच्या खड्यांच्या दुकानात भाव रत्तीत सांगतात. रत्ती म्हणजे मूळची गुंज. पण सोन्याची रत्ती वेगळी, खड्याची वेगळी आणि पक्की-कच्ची असा भेद पुन्हा निराळा. तेव्हा "रत्ती नको, कॅरेटमध्ये सांगा आणि माझ्यासमोर काट्यावर ठेवा" एवढं बिनधास्त म्हणायचं. कोणी रागावत नाही.

आणि वजनापेक्षा मिलिमीटर बघा. नीलम हिऱ्यापेक्षा घन असतो, त्यामुळे एक कॅरेटचा नीलम एक कॅरेटच्या हिऱ्यापेक्षा दिसायला लहान असतो. शिवाय एक, दोन असा पूर्ण आकडा आला की दर कॅरेटमागेच भाव चढतो. ०.९ चा घेतला तर डोळ्याला फरक कळत नाही, खिशाला कळतो.

तिसरी गोष्ट, खड्यावर काय काय केलंय. बाजारातले बहुतेक नीलम आणि माणिक तापवलेले असतात. उष्णतेने रंग खुलतो आणि तो टिकतो, त्यात गैर काही नाही, फक्त सांगितलं पाहिजे. पाचूच्या भेगांत तेल मुरवतात, हेही जुनंच. पण स्वस्तातल्या माणकांत भेगा शिशाच्या काचेने भरलेल्या असतात आणि ते खडे सोनाराच्या बत्तीसमोर किंवा लिंबाच्या रसानेसुद्धा खराब होऊ शकतात. तेव्हा "ओरिजिनल आहे" या शब्दाला काही किंमत नाही. "तापवलाय का? काच भरलीय का? लॅबचा रिपोर्ट आहे का?" हे तीन प्रश्न विचारायचे. मला एका दुकानात एक पिवळा खडा आधी पुष्कराज म्हणून दाखवला. रिपोर्ट मागितल्यावर तोच खडा सुनेला झाला आणि भाव सरसर खाली आला. दुकानदार मात्र शांत. चहापण पाजला.

चौथी गोष्ट, प्रयोगशाळेत बनवलेले खडे. ऑग्युस्त व्हर्नेय या फ्रेंच माणसाने १९०२ साली ज्वाळेत माणिक बनवायची पद्धत जगापुढे मांडली. ही तुमच्या घरातसुद्धा पोचलेली आहे. आजोबांचं एचएमटी जनता घड्याळ असेल तर त्यावरचं '१७ ज्वेल्स' वाचा. ते ज्वेल्स म्हणजे असेच बनवलेले माणकाचे तुकडे. रसायन तेच, कठीणता तीच, किंमत नैसर्गिक खड्याच्या पासंगालाही पुरत नाही. हल्ली लॅबचे हिरेही पुष्कळ उतरलेत आणि सुरतेत ढिगाने तयार होतात. माझ्या मते यात कमीपणा काहीच नाही. ज्याला बजेट अगदी कमी ठेवायचंय त्याने डोळे मिटून लॅबचा नीलम घ्यावा. अट एकच, घेणाऱ्याला आणि घालणारीला दोघांना ते माहीत असावं. अंगठीची सुरुवात खोट्याने करू नये.

आणि ज्यांना निळ्याचा हट्ट नाही त्यांनी स्पिनेल जरूर बघावा. बिचारा कायम माणकाच्या नावावर खपत आला. ब्रिटिश राजमुकुटातलं प्रसिद्ध 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' हे मुळात स्पिनेल आहे. करडा, फिकट जांभळा, गुलाबी असे त्याचे रंग फार देखणे असतात. नवरत्नांत त्याचा नंबर नाही, म्हणजे त्याला स्वतःचा ग्रहही नाही. ज्या घरात ग्रहांवरून वाद होण्याची शक्यता आहे तिथे हा गुण मोठा आहे :)

आता सोनं. २०२५ च्या एप्रिलमध्ये १० ग्रॅम सोन्याने लाखाचा आकडा गाठला तेव्हा आमच्या ऑफिसात लग्न ठरलेल्या सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. हिशोबाला सोपा म्हणून तोच लाखाचा भाव धरू. ४ ग्रॅमची अंगठी २२ कॅरेटमध्ये केली तर नुसतं सोनं साधारण ३६,६०० रुपयांचं, १८ कॅरेटमध्ये ३०,००० आणि १४ कॅरेटमध्ये २३,४००. आजचा भाव घालून बघा, प्रमाण तेच राहील. खड्याच्या अंगठीला १८ किंवा १४ कॅरेटच बरं, कारण २२ कॅरेट मऊ पडतं आणि खडा धरून ठेवणाऱ्या नख्या वाकतात. "पण १८ कॅरेट म्हणजे भेसळ ना?" असं घरी विचारतील. भेसळ नाही, मिश्रधातू आहे आणि त्यावर ७५० चा शिक्का असतो.

हॉलमार्क बघाच. २०२३ च्या १ एप्रिलपासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असलेलेच दागिने विकायचे असा नियम आहे. बीआयएस केअर या अ‍ॅपवर तो नंबर टाकला की पडताळता येतो. पण हॉलमार्क सोन्याची हमी देतो, खड्याची नाही. त्यासाठी वेगळा लॅब रिपोर्ट लागतो. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन खडा वजा करून लिहून घ्या, नाहीतर खड्याचं वजनही सोन्याच्या भावाने जातं.

आणि खडा दुकानातल्या दिव्याखाली पसंत करू नका. तिथे कोळसासुद्धा चमकेल. दुकानदाराला सांगून दाराशी या, उन्हात बघा, मग सावलीत बघा. वरून पाहिल्यावर मधोमध फिकट खिडकी दिसली आणि आरपार बोट दिसलं तर पैलू नीट पाडलेले नाहीत, सोडून द्या. दिवसभर की-बोर्डवर हात असणाऱ्यांनी खडा उंच बसवू नये, ओढणीत आणि हेल्मेटच्या पट्ट्यात अडकतो. चारी बाजूंनी सोन्याची कड येईल असं बंद कोंदण करा. दिसायला साधं वाटतं, पण टिकतं.

हे झालं बाजाराचं. आता घरचं.

नीलमचं नाव काढल्याबरोबर आत्या म्हणाली, "आरं, नीळ घालायची म्हंजी खेळ हाय का? लाभली तर लाभली, न्हाईतर घर बुडवती." आई काही बोलली नाही, पण तिचा चेहरा बोलला.

मी आधी शास्त्र काढलं. म्हटलं, आत्या, नीलम, माणिक आणि पुष्कराज तिन्ही एकच दगड आहेत. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. त्यात क्रोमियम मिसळलं की लाल, लोखंड आणि टायटॅनियम मिसळलं की निळा, नुसत्या लोखंडाने पिवळा. तूच सांग, एका दगडाला चिमूटभर धातूवरून एकदा सूर्य, एकदा शनी आणि एकदा गुरू कसा मिळतो? आत्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी तिघं भाऊबी एकाच आयचे. सारखे हाईत का?"

या युक्तिवादाला आजतागायत माझ्याकडे उत्तर नाही.

पण रात्री विचार करताना लक्षात आलं की प्रश्न शास्त्राचा नाहीच. समजा, ती निळी अंगठी घालून घरात आली. वर्षभरात कुणाची तरी गाडी घसरेल, बोअरचं पाणी आटेल, माझी नोकरी जाईल (आयटीत आहोत, काहीही होऊ शकतं), वडिलांचं बीपी वाढेल. दर वर्षी दर घरात यातलं काहीतरी होतंच. त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा कुठे जातील? तिच्या बोटाकडे. "तरी सांगत होतो." खडा मी घेतलेला, पैसे दोघांचे, आणि दोष मात्र एकटीच्या माथी. 'पांढऱ्या पायाची' हा शब्द आपल्याच भाषेत आहे ना? त्याला अजून एक निमित्त, एवढंच.

आणि आमच्या तालुक्यात हे हसण्यावारी न्यायचे दिवस नाहीत. जमिनीला भाव आल्यापासून मुळशीतले साखरपुडे कुठल्या कुठे गेलेत. लॉन, एलईडी स्क्रीन आणि स्टेजवर दागिन्यांचं प्रदर्शन. २०२५ च्या मे महिन्यात इथल्याच भुकूममध्ये एका विवाहितेचा मृत्यू झाला, हुंड्यासाठी छळ केल्याचा गुन्हा दाखल झाला आणि लग्नात दिलेल्या सोन्या-गाडीची चर्चा महाराष्ट्रभर झाली. प्रकरण कोर्टाचं आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण तेव्हा प्रत्येक घरात लोक महिनाभर हळहळले आणि पुढच्या सीझनला पुन्हा "किती तोळे घातले?" सुरू झालं. सून घरात येण्याआधीच तिच्या अंगावरच्या वस्तूंचा हिशोब मांडायची सवय आपल्याला आहे. तोळ्यांचा हिशोब काय आणि ग्रहांचा हिशोब काय, दोन्हीत तपासली जाते तीच.

म्हणून मी म्हणतो, घरच्यांशी मुलाने बोलावं. "तिला हवीय म्हणून" असं तर अजिबात म्हणू नये. तसं म्हटलं की आपण नामानिराळे राहतो आणि तिचं खातं मात्र लग्नाआधीच उघडतं. मी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं, "ही अंगठी मी ठरवलीय. उद्या काही बरं-वाईट झालं तर मला विचारायचं. तिच्या अंगठीवरून तिला एक शब्द बोललेला मला चालणार नाही." वडील म्हणाले, "एवढं मोठ्यानं कशाला सांगतो, ऐकू येतंय." म्हणजे पोचलं.

आत्याने शेवटी तडजोड सुचवली. नीलम तीन रात्री उशाखाली ठेवून बघायचा, वाईट स्वप्न पडलं तर परत. जुनी रीत आहे ही. दुकानदारालाही माहीत होती, त्याने विनातक्रार आठवड्याची मुदत दिली. उशाखाली मीच ठेवला. त्या आठवड्यात माझी ऑन-कॉल ड्यूटी होती आणि तीन रात्रींत एकही फोन आला नाही. आत्या समाधानी. माझं मत बदललेलं नाही, पण पुढच्या रिलीजला तो खडा उसना मागावा असा विचार टीममध्ये चालू आहे.

तर खडा झाला तापवलेला, सिलोनी, ०.९ कॅरेटच्या आतबाहेर, रिपोर्टसकट. कोंदण १८ कॅरेटचं. आईने तिची झिजलेली अंगठी आपणहून काढून दिली, ती मोडली आणि सगळं मिळून साठ हजारांच्या आत बसलं. तिने अर्धे पैसे दिले. यावरही दोन्हीकडे भुवया उंचावल्या, पण वापरायची एकीनेच असली तरी निर्णय दोघांचा आहे, मग खर्च एकाचा का? मलाही अंगठी आहे, साधी, बिनखड्याची. तिचे अर्धे पैसे मी दिलेत.

एक गोष्ट अजून, कारण ती कोणी सांगत नाही. रंगीत खडा ही गुंतवणूक नव्हे. उद्या मोडायला गेलात तर सोन्याचे पैसे येतील, खड्याचे नावापुरते. म्हणून खड्यावर तेवढेच घाला जेवढे खर्च झाले असं मनाशी धरता येईल. आणि हप्त्यावर तर घेऊच नका. बारा महिने हप्ता फेडायला लागणाऱ्या वस्तूकडे प्रेमाने बघता येतं का, हे मोबाइलचे हप्ते भरणाऱ्या कुणालाही विचारा.

शकुंतलेची अंगठी आठवते? अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात शाकुंतल संगीतात उभं केलं, तेव्हापासून ती गोष्ट मराठीतही आपलीच झाली. अंगठी नदीत पडली आणि राजाने बायकोला ओळखलंच नाही, मासा सापडेपर्यंत. मला त्यात शापापेक्षा दरबार जास्त खटकतो. एवढ्या मोठ्या दरबारात ती उभी, आणि सगळे बघतायत ते तिच्या रिकाम्या बोटाकडे.

तर मंडळी, लग्न ठरलं असेल तर या वीकएंडला दोघं मिळून बाजारात जा. भर दुपारी जा, ऊन चांगलं असतं. काही घेऊ नका, फक्त खडे बघा, भाव विचारा, रिपोर्ट मागा आणि परत या. मग घरी जाऊन आधी आपल्या आत्याशी बोला. बाकीची खरेदी त्यामानाने सोपी आहे.